आधी शब्द ठरवा, मग नियम

दरवर्षी मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या मंडळातील मुलांसाठी आम्ही दहा दिवसांचे शिबिर घेतो. सकाळी मैदानी खेळ, संध्याकाळी गाणी आणि नाटुकले. दुपारी सुरतच्या उन्हात मुलांना बाहेर सोडता येत नाही, म्हणून दोन तास सभागृहात बैठे खेळ असतात. यंदा पत्ते, कॅरम आणि सापशिडी यांच्या जोडीला आम्ही एक नवा खेळ आणला. त्या खेळात तिसऱ्याच दिवशी भांडण झाले. त्या भांडणातून आम्ही मोठी माणसे जे शिकलो ते सर्व सभासद कुटुंबांपर्यंत पोहोचावे, म्हणून हा लेख.

खेळ असा. मुले गोल बसतात. ज्याची वेळ येईल त्याने एक नवा नियम सुचवायचा किंवा जुना नियम बदलायचा. बाकीच्यांनी चर्चा करायची आणि हात वर करून मत द्यायचे. नियम मंजूर झाला की तो फळ्यावर लिहायचा आणि लगेच लागू करायचा. मग सुचवणाऱ्याने फासा टाकायचा आणि पडतील तेवढे गुण घ्यायचे. ५० गुण आधी करील तो जिंकला. म्हणजे खेळणारेच खेळ घडवत जातात. सुरुवातीला आम्ही फळ्यावर आठ नियम लिहून दिले होते, पुढचे सगळे मुलांचे.

तिसऱ्या दिवशी एका मुलीने नियम सुचवला, ‘ज्याला सहा पडतील त्याने पुढचा एक डाव बाहेर बसायचे.’ सहा पडले की गुण जास्त मिळतात, म्हणून त्याला थोडा लगाम. अकराच्या अकरा हात वर गेले. थोड्याच वेळात नऊ वर्षांच्या एका मुलाला सहा पडले आणि तो उठून बाजूला बसला. त्याची वेळ पुन्हा आली तेव्हा एकदा फासा न टाकता तो परत गोलात येऊन बसला. मुली ओरडल्या, “अरे, डाव कुठे संपलाय अजून?” त्यांच्या मते डाव म्हणजे कोणी तरी ५० गुण करीपर्यंतचा पूर्ण खेळ. त्या मुलाच्या मते डाव म्हणजे आपली एक वेळ, ती तर गेली. दोघांनीही फळ्याकडे बोट दाखवले. फळ्यावर एकच वाक्य होते आणि ते दोघांच्याही बाजूने बोलत होते.

आम्ही त्या वेळी घाई केली. जास्त मुले एका बाजूला दिसली म्हणून त्याला बाहेरच बसवले. तो तासभर भिंतीला टेकून बसला, मग रडत घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी आलाच नाही.

संध्याकाळी आम्ही दोघे-तिघे फळ्यासमोर उभे राहून विचार करत होतो. नियम सर्वानुमते झाला होता. अर्थ मात्र सर्वानुमते झालेला नव्हता. अर्थावर मत घेण्याचे कोणाला सुचलेच नव्हते, कारण ‘डाव’ हा शब्द सगळ्यांना येतो असे सगळ्यांनी गृहीत धरले होते.

एका शब्दाचे किती अर्थ

आपल्या मराठीत ‘डाव’ कुठे कुठे आहे ते पाहा. क्रिकेटचा पहिला डाव, कुस्तीतला धोबीपछाड हा डाव, पत्त्यांचा एक डाव, कोणी आपल्यावर टाकलेला डाव, शिवाय स्वयंपाकघरात वरण वाढायचा डाव. पुण्याकडून आलेल्या घरातल्या मुलीच्या कानात पत्त्यांचा डाव होता, म्हणजे वाटण्यापासून संपेपर्यंत. तो मुलगा दिंडोलीत राहतो. घरी अहिराणी बोलतात, शाळा गुजराती माध्यमाची. गल्लीत लपाछपी खेळताना गुजराती मुले ज्याच्यावर शोधायची वेळ आली त्याला ‘तारो दाव’ म्हणतात. आपण ज्याला ‘तुझ्यावर राज्य’ म्हणतो, ते. त्याच्या कानात ‘डाव’ आणि ‘दाव’ एकच होते आणि त्याचा अर्थ होता, एकाच खेळाडूची वेळ. तो चुकला नव्हता आणि ती मुलगीही चुकली नव्हती.

सुरतेत राहणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. आमची नोकरी बँकेत गेली. मराठीत आपण हिशेब ‘जमा’ आणि ‘नावे’ असा लिहितो. गुजरातीत तोच हिशेब ‘जमा’ आणि ‘उधार’ असा असतो. म्हणजे खात्यातून रक्कम गेली की गुजराती नोंद ‘उधार’ म्हणते. मराठी माणसाला मात्र उधार म्हणजे पैसे न देता आणलेला किराणा. खानदेशातून नुकत्याच आलेल्या कामगाराने ‘उधार’ हा शब्द पाहिला की तो घाबरून विचारायचा, “साहेब, मी कर्ज कधी घेतलं?” त्याने स्वतःचेच पैसे काढलेले असायचे. शब्द ओळखीचा असला की माणूस अर्थ विचारत नाही. अनोळखी शब्द परवडतो, कारण तिथे आपण थांबतो आणि विचारतो.

म्हणूनच कायदे लिहिणारे व्याख्यांना सुरुवातीलाच जागा देतात. बहुतेक कायद्यांत आधी नाव आणि व्याप्ती येते, लगेच व्याख्या येतात, आणि मग बाकीची कलमे. आपल्या देशात तर १८९७ सालापासून ‘जनरल क्लॉजेस ॲक्ट’ नावाचा एक स्वतंत्र कायदाच आहे. इतर कायद्यांत वारंवार येणाऱ्या शब्दांचा अर्थ कसा लावायचा हे तो सांगतो. पुल्लिंगी शब्दात स्त्रियाही येतात, एकवचनात अनेकवचनही येते, अशा साध्या वाटणाऱ्या गोष्टी तिथे लिहून ठेवल्या आहेत, कारण लिहून ठेवल्या नाहीत तर त्यावरच वाद होतात.

नियम बदलण्याचा खेळ

आम्ही मुलांना दिलेला खेळ आमच्या डोक्यातून आलेला नाही. त्याचे मूळ नाव ‘नॉमिक’. ग्रीक भाषेत ‘नोमोस’ म्हणजे कायदा. अमेरिकेतील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक पीटर सुबर यांनी तो तयार केला आणि १९८२ च्या जून महिन्यात ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील डग्लस हॉफस्टॅटर यांच्या सदरातून तो लोकांपर्यंत पोहोचला. सुबर यांना प्रश्न पडला होता तो असा, की राज्यघटना बदलण्याचे कलम वापरून ते कलमच बदलता येते का? त्या विचारातून हा खेळ निघाला.

मूळ खेळात सुरुवातीला २९ नियम असतात. १०१ ते ११६ हे सोळा नियम सहजासहजी न बदलणारे आणि २०१ ते २१३ हे तेरा नियम बदलता येणारे. खेळाडूंनी सुचवलेले नियम ३०१ पासून पुढे क्रमांक घेतात. आम्ही मुलांसाठी त्याचे आठ नियमांचे सोपे रूप केले. ते करताना आमच्या हातून दोन महत्त्वाच्या गोष्टी गळल्या, हे आम्हाला भांडणानंतर मूळ नियम पुन्हा वाचताना कळले.

पहिली गोष्ट, सुबर यांनी १०३ क्रमांकाच्या नियमात ‘नियमबदल’ म्हणजे नेमके काय ते सांगून ठेवले आहे. नवा नियम करणे, असलेला रद्द करणे, त्यात दुरुस्ती करणे आणि न बदलणारा नियम बदलण्याजोगा करणे किंवा उलट, हे सगळे त्यात मोडते. म्हणजे ज्या एका शब्दावर सगळा खेळ उभा आहे, त्याचा अर्थ खेळ सुरू होण्याआधीच पक्का आहे. दुसरी गोष्ट, २१२ व्या नियमात वाद सोडवण्याची सोय आहे. नियमाच्या अर्थावर मतभेद झाला तर ज्याची वेळ चालू आहे त्याच्या आधीचा खेळाडू न्यायाधीश होतो. त्याचा निर्णय फिरवायचा तर बाकी सर्वांचे एकमत लागते. आम्ही या दोन्ही गोष्टी ‘मुलांना कशाला’ म्हणून वगळल्या होत्या. मुलांना त्यांचीच जास्त गरज होती.

हुतुतू कबड्डी कशी झाली

हे सगळे परदेशातले वाटेल, पण याचे उत्तम उदाहरण आपल्याच मातीत आहे. आपल्यापैकी जे साठी ओलांडून गेले आहेत त्यांनी लहानपणी आजोबांच्या तोंडून ‘हुतुतू’ ऐकले असेल. तोच खेळ बंगालमध्ये हाडूडू आणि दक्षिणेत चेडुगुडू म्हणून खेळला जाई. नाव वेगळे, मैदान वेगळे, गडी किती तेही वेगळे. गावातल्या गावात खेळताना काही अडत नसे, कारण गावातल्या सगळ्यांना गावचे नियम माहीत असत. अडले ते एका गावचा संघ दुसऱ्या गावाशी खेळू लागला तेव्हा.

सगळ्यात मोठी अडचण खेळाच्या नावातच होती. बहुतेक खेळांत नाव हे फक्त नाव असते. क्रिकेट खेळताना कोणाला ‘क्रिकेट, क्रिकेट’ म्हणावे लागत नाही. या खेळात मात्र नाव हाच दम. चढाई करणाऱ्याने एका श्वासात तो शब्द मोठ्याने, स्पष्ट आणि न तोडता म्हणत राहायचे. दम तुटला तर तो बाद. आता एक संघ ‘हुतुतू’ म्हणतो, दुसरा ‘चेडुगुडू’, तिसरा आपल्या गावची लांबलचक ओळ म्हणतो. दम कुठे तुटला, श्वास मध्येच घेतला का, हे पंचांनी कसे ठरवायचे? म्हणून एकच मान्य शब्द ठरवावा लागला, ‘कबड्डी’. आजही खेळाच्या नियमांत दमाची व्याख्या आहे आणि त्या व्याख्येत हा शब्द आहे. इथे शब्द ठरवणे म्हणजेच नियम ठरवणे होते.

दुसरी अडचण बाद झालेल्या गड्याची. काही ठिकाणी समोरचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी पुन्हा खेळात येई. काही ठिकाणी बाद झालेला गडी आपला संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. काही ठिकाणी गडी मैदानातून जातच नसे, फक्त समोरच्यांना गुण मिळे. तिघेही म्हणत, “गडी बाद.” अर्थ तीन. यावर उपाय म्हणून या तीन प्रकारांना तीन नावे मिळाली: संजीवनी, गामिनी आणि अमर. नावे मिळाल्यावर एक फरक पडला. ‘तुम्ही चुकीचे खेळता’ असे म्हणण्याऐवजी ‘तुम्ही गामिनी खेळता, आम्ही संजीवनी’ असे म्हणता येऊ लागले. मतभेद उरले, पण कशावर मतभेद आहे ते दोघांनाही दिसू लागले. मग निवड करणे सोपे झाले. आज आपण जी कबड्डी पाहतो, त्यात बाद गडी परत येतो, म्हणजे संजीवनीची पद्धत आहे.

आमच्या सभागृहातही नेमका हाच प्रश्न होता. ‘बाहेर’ म्हणजे किती वेळ बाहेर? जुन्या मंडळींनी शंभर वर्षांपूर्वी सोडवलेला प्रश्न आम्ही पुन्हा भांडून शोधला.

बडोद्याचे योगदान

या कामात आपल्या गुजरातमधील मराठी समाजाचा मोठा वाटा आहे, हे मुलांना सांगायला हवे. खो-खोचे नियम १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बसवले. कबड्डीचे नियम एकसारखे करण्याचे प्रयत्न १९१८ च्या आसपास साताऱ्यात झाले. त्यानंतर बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३-२४ च्या सुमारास नियम छापून काढले आणि त्यांनुसार अखिल भारतीय सामने भरवले. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३४-३५ च्या काळात नियमांची पुस्तके काढली. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले खेळ जगाला दाखवले. १९५० मध्ये कबड्डीचा अखिल भारतीय महासंघ झाला, आणि १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डी पदकाचा खेळ झाली. बुवा साळवी यांच्यासारख्यांनी त्यासाठी आयुष्य वेचले, आणि त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

बडोद्याला हे काम सुचले यात नवल नाही. गायकवाडांच्या राज्यात मराठी आणि गुजराती शेजारी शेजारी नांदत होत्या. आपल्या सुरतेला लागून असलेला नवसारी प्रांतही त्याच राज्याचा होता. दोन भाषांच्या कचेरीत शब्दांचा घोळ रोजचाच. म्हणून सयाजीराव महाराजांच्या काळात १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश निघाला. त्यात इंग्रजी शब्दासमोर मराठी, गुजराती, हिंदी, संस्कृत, बंगाली, उर्दू आणि फारसी प्रतिशब्द मांडले आहेत. कोणाचा शब्द खोडायचा नाही, आधी सगळे एका ओळीत मांडायचे आणि मग बोलायचे, ही रीत आम्हाला फार आवडली. तीच आम्ही शिबिरात वापरली.

आम्ही काय केले

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. त्याला आणि त्याच्या आईला सांगितले की चूक त्याची नव्हती, फळ्यावरच्या शब्दाची होती आणि घाईने निर्णय देणाऱ्या आमची होती. दुपारी तो आला.

मग फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारली. उजवीकडे नियम, डावीकडे शब्द. आधी प्रत्येकाने ‘डाव’ म्हणजे काय ते सांगायचे. फळ्यावर चार अर्थ आले. मुले स्वतःच म्हणाली, एवढ्या अर्थांचा शब्द नकोच, प्रत्येक अर्थाला वेगळा शब्द घेऊ.

कोणी ५० गुण करीपर्यंतच्या सगळ्याला ‘खेळ’ म्हणायचे ठरले. गोलातल्या सगळ्यांची एकेकदा वेळ येऊन गेली की एक ‘फेरी’. या दोन शब्दांवर वाद झाला नाही. एका खेळाडूच्या वेळेला काय म्हणायचे, यावर मात्र अर्धा तास गेला. कोणी ‘पाळी’ म्हणाले, तेव्हा मोठ्या मुली एकमेकींकडे बघून हसल्या आणि तो शब्द मागे पडला. त्या मुलाने ‘बारी’ सुचवला, त्याच्या घरचा शब्द. शिबिरात शेजारची दोन गुजराती मुलेही येतात. ती म्हणाली, बारी म्हणजे तर खिडकी. त्यांनी ‘वारो’ सुचवला. आपल्या मुलांना त्यात वार ऐकू आला. शेवटी सगळे ज्या शब्दावर आले तो होता ‘नंबर’. “आता माझा नंबर.” मुले गल्लीत तेच म्हणत होती. आम्हाला थोडे वाईट वाटले, पण मत अकरा विरुद्ध शून्य होते आणि या वेळी अर्थही अकरा विरुद्ध शून्य होता.

मग ‘बाहेर’. बाहेर बसलेल्याने फासा टाकायचा नाही, हे सगळ्यांना मान्य. पण त्याने मत द्यायचे की नाही? इथे त्या मुलाने हात वर केला आणि म्हणाला, “मला बाहेर काढलं तेव्हा मला विचारलंच नाही.” सभागृहात क्षणभर कोणी बोलले नाही. त्यानंतर डावीकडे लिहिले गेले, ‘बाहेर : फासा टाकायचा नाही, नियम सुचवायचा नाही, पण मत द्यायचे.’ आमच्या मते संपूर्ण शिबिरात मुलांनी केलेले हे सर्वांत चांगले काम. एका शब्दाचा अर्थ ठरवताना कोणाचा हक्क राहतो आणि कोणाचा जातो, हे मुलांना तिथे कळले.

पुढच्या सहा दिवसांत चाळीसेक नियम झाले, वाद झाले, पण रडून कोणी घरी गेले नाही. या अनुभवावरून आम्ही काही गोष्टी लिहून ठेवल्या. ज्या कुटुंबांना हा खेळ घरी किंवा सोसायटीत खेळायचा आहे त्यांना त्या उपयोगी पडतील.

१. मत घेण्याआधी एकदा तरी ‘म्हणजे काय?’ हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे. कोणी विचारत नसेल तर फळ्यावर लिहिणाऱ्याने विचारावा. लाजून गप्प बसणारी मुले यामुळे सुटतात.

२. सुचवणाऱ्याने दोन उदाहरणे द्यावीत, एक नियमात बसणारे आणि एक न बसणारे. शब्दकोशातल्या अर्थापेक्षा उदाहरणाने मुलांना लवकर कळते. आमचे भांडणही ‘समजा, मला आत्ता सहा पडले तर मी परत कधी येऊ?’ एवढ्या एका प्रश्नाने टळले असते.

३. एका शब्दाला एकच अर्थ आणि एका गोष्टीला एकच शब्द. आज ‘फेरी’ आणि उद्या त्यालाच ‘राउंड’ असे लिहिले की मुलांना वाटते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

४. सगळ्याच शब्दांची व्याख्या करू नये. ज्यावर अडले तोच शब्द डावीकडे घ्यावा. आमच्याकडे शेवटी फक्त नऊ शब्द झाले. एका मुलाने ‘फासा’ची व्याख्या सुरू केली तेव्हा इतरांनीच त्याला थांबवले.

५. ठरलेला अर्थ बदलायचा असेल तर नियमासारखेच मत घ्यावे. बदल पुढच्या फेरीपासून लागू करावा, झालेल्या गोष्टींना नाही. जिंकत आलेल्याच्या पायाखालची सतरंजी ओढण्यासाठी शब्दाचा अर्थ बदलता येऊ नये.

६. तरीही अडले तर आधीच्या नंबरचा खेळाडू पंच. दोन्ही अर्थ खरेच निघत असतील, तर ज्याला शिक्षा होणार आहे त्याच्या बाजूचा अर्थ धरावा.

मराठी शब्दांचे काय?

शिबिराच्या समारोपाला आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी प्रश्न विचारला आणि तो रास्त आहे. मुलांची मराठी टिकावी म्हणून मंडळ आहे. मग तिथल्याच फळ्यावर ‘नंबर’ कशाला? ‘पाळी’ किंवा ‘आळीपाळी’ असा आपला शब्द शिकवायला नको का?

आम्ही यावर बराच विचार केला. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला, तो फारसी शब्दांच्या जागी आपले शब्द आणण्यासाठी. त्यामुळे नवे शब्द घडवणे आणि रुजवणे ही आपलीच परंपरा आहे. पण तो शब्द राज्याच्या कारभारासाठी होता, ज्यांना तो वापरायचा त्यांना कोश देऊन शिकवता येत होता. खेळात शब्द शिकवायला वेळ नसतो, तो आधीच दोघांनाही समजलेला असावा लागतो.

शिवाय आपले जुने खेळ तरी कुठे शुद्ध मराठी आहेत? विटीदांडूत आपण ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असे मोजत आलो. तेलुगूत एक, दोन, तीन, चार म्हणजे ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. आपल्या आजोबांनी कोणाकडून हे अंक उचलले ते त्यांना ठाऊकही नव्हते, आणि विटी मात्र अस्सल मराठी मातीत उडत होती. कबड्डी आणि आट्यापाट्या या दोन्ही खेळांत ‘लोण’ आहे. आट्यापाट्यात सगळ्या पाट्या ओलांडून परत येणे हे लोण, तर कबड्डीत समोरचा सगळा संघ बाद करणे हे लोण, त्याचे दोन गुण जास्त. एकच शब्द दोन खेळांत दोन कामे करतो आणि गोंधळ होत नाही, कारण प्रत्येक खेळाने आपला अर्थ पक्का केलेला आहे.

कधी आपला शब्द पुढेही असतो. २०२१ मध्ये मेरिलबोन क्रिकेट क्लबने क्रिकेटच्या कायद्यांत ‘बॅट्समन’ काढून ‘बॅटर’ आणला, कारण मुलीही खेळतात. खेळात काहीही बदल झाला नाही, फक्त शब्द सर्वांचा झाला. मराठीत ‘फलंदाज’ शब्द पहिल्यापासून मुलगा-मुलगी दोघांनाही चालत होता. आपल्याला काही बदलावेच लागले नाही. हे मुलांना सांगितले तेव्हा मुलींनी टाळ्या वाजवल्या.

म्हणून आम्ही एक मधला मार्ग काढला. फळ्याच्या डाव्या बाजूला प्रत्येक ठरलेल्या शब्दाखाली लहान अक्षरात घराघरांतले शब्द लिहायचे. ‘नंबर’ या शब्दाखाली पाळी, बारी, वारो हे तिन्ही आहेत. खेळताना सगळ्यांचा एक शब्द, फळ्यावर मात्र प्रत्येकाच्या घरचा शब्द दिसतो. हुतुतू म्हणणाऱ्या आजोबांना कोणी चूक ठरवले नाही, मैदानात मात्र दम कबड्डीचाच घेतला जातो. तसेच हे. दिंडोलीच्या त्या मुलाने शेवटच्या दिवशी आपल्या आजीला फळा दाखवायला आणले आणि ‘बारी’ कुठे लिहिली आहे ते बोट ठेवून दाखवले. पुण्याकडच्या मुलींना हा शब्द आता ठाऊक झाला आहे. शब्द टिकवणे म्हणतात ते यापेक्षा वेगळे काय असते?

पुढे काय

दिवाळीच्या सुट्टीत हा खेळ पुन्हा घ्यायचा विचार आहे, या वेळी मोठ्यांचाही एक गट करून. मुलांच्या फळ्यावरचे नऊ शब्द आणि सहा सूचना आम्ही एका पुठ्ठ्यावर लिहून सभागृहात लावल्या आहेत. मोठ्यांनी खेळायला बसताना आधी तो पुठ्ठा वाचावा, ही मुलांची अट आहे आणि ती मंजूर झालेली आहे.

तोपर्यंत सर्व कुटुंबांना एक विनंती. आपल्या आजी-आजोबांना विचारा, लपाछपीत राज्य येण्याला, मध्येच थांबण्याला, लहान भावंडाला खेळात घेऊनही बाद न धरण्याला तुमच्या गावी काय म्हणत? आमच्याकडे कच्चे लिंबू होते, कोणाकडे दूधभात. धुळे, जळगाव, रत्नागिरी, सातारा, नागपूर, जिथून आपण आलो तिथला शब्द कागदावर लिहून मंडळात आणून द्या. आधी सगळे एका ओळीत मांडू. कोणता शब्द मैदानावर घ्यायचा ते मुले ठरवतील.